अख्खी ज्वारी, खपली आणि भाज्या: ताटाच्या डाव्या बाजूसाठी

ज्वारी भाकरीची, खपली खिरीची, भगर उपासाची. धान्यं घरात असतात, पण ताटातली त्यांची जागा ठरलेली असते. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. तिकडे धान्य सहसा फिरकत नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून ज्वारीचं सॅलड, बाजरीचा पुलाव अशा पाककृती जिकडेतिकडे दिसू लागल्या. त्यातल्या बऱ्याच एकदा करून पाहिल्या की माणूस निमूटपणे भाताकडे वळतो. कारण एकच: ज्वारीला तांदूळ समजून रांधलेलं असतं. धान्य मूठमूठभर, भाजी नावाला आणि मीठ भाताच्या बेताचं.

धान्याचं तोंडीलावणं करायचं तर हिशोब उलटा धरावा लागतो. शिजलेलं धान्य एक वाटी असेल तर भाजी दीड ते दोन वाट्या. मीठ, आंबट, तिखट हे तिन्ही भातापेक्षा चढं आणि चटणीपेक्षा उतरतं. धान्य वेगळं शिजवायचं, भाजी वेगळी करायची आणि दोन्ही गरम असताना एकत्र आणायची. एवढं सांभाळलं तर धान्य कुठलं आणि भाजी कुठली, यात हवी तशी अदलाबदल करता येते. म्हणून आधी पद्धत नीट सांगतो, पाककृती मागून.

खालच्या मापांत वाटी २०० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा. वाटीभर कच्ची ज्वारी साधारण दीडशे ग्रॅम भरते आणि शिजून अडीच वाट्यांच्या आसपास होते. चार माणसांना डाव्या बाजूला वाढायला तेवढी पुरते, कारण निम्म्याहून जास्त भाजीच असणार आहे.

धान्य निवडताना

ज्वारी घ्यायची ती रब्बीची, म्हणजे शाळू. खरिपाची ज्वारी कणसात भरते तेव्हा पाऊस असतो, त्यामुळे दाण्यावर बुरशीचे काळे डाग पडतात. भाकरीत ते एक वेळ खपून जातात, अख्ख्या दाण्यात दिसतातही आणि चवीला लागतातही. मालदांडी मिळाली तर उत्तम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, पण सोलापूर, नगर, बीड, धाराशिव या पट्ट्यातला कुठलाही चांगला शाळू चालेल. दाणा पांढरा, टपोरा आणि चकचकीत हवा. पॉलिश केलेली ज्वारी लवकर शिजते, पण तिचा चिवटपणा जातो, आणि चावताना जी मजा येते ती त्या चिवटपणातच असते.

खपली गहू सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुढे बेळगावकडे सहज मिळतो. दुकानात ‘खिरीचे गहू’ म्हणून मागा, म्हणजे सडलेले, म्हणजे कांडून टरफल काढलेले, मिळतील. खपलीचं टरफल दाण्याला घट्ट धरून असतं, ते घरी काढत बसणं परवडत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी इटालियन सामानाच्या फळीवर ‘फारो’ शोधावा. तिकडे त्या नावाने मिळणारा गहू बहुधा खपलीच असतो. मात्र त्याच्या पुडक्यावर ‘पर्ल्ड’ लिहिलेलं असेल तर कोंडा बराचसा काढलेला आहे असं समजून भिजवणं आणि शिजवणं दोन्ही निम्म्यावर आणा.

बाजरीचा कोंडा घशात टोचतो, म्हणून ती सडूनच वापरायची. राळे आणि वरई बारीक असतात आणि झटपट शिजतात. भिजवून ठेवायला विसरलेल्या दिवशी उपयोगी पडतात. गोव्यात खाजन जमिनीत पिकणारा कोरगुट किंवा कोकणातला कुठलाही लाल तांदूळ हाताशी असेल तर तोही घ्या. भरपूर पाण्यात उकळून निथळला की छान सुटा होतो. नाचणीच्या वाटेला मात्र जाऊ नका. दाणा इतका बारीक आणि साल इतकी चिकटून की अख्खी नाचणी शिजवून दाताखाली नुसती कचकच येते. ती आंबिलीत आणि भाकरीतच बरी.

ज्वारी शिजवणं

रात्री ज्वारी निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, तिच्या चौपट पाण्यात भिजत घाला. आठ ते दहा तास पुरेत. दाण्याच्या आतपर्यंत पाणी पोचलं की नाही हे पाहायचं तर एक दाणा नखाने फोडा. मध्ये कोरडा पिठूळ ठिपका दिसला तर अजून दोन तास द्या.

इथे एक सावधगिरी. मोड आलेले मूग-मटकी आपण सर्रास खातो, म्हणून ज्वारीलाही मोड आणावेत असं वाटू शकतं. तसं करू नका. ज्वारीच्या कोवळ्या अंकुरात धुरीन नावाचा घटक असतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती यामुळेच. रात्रभर भिजवण्यात ही भीती नाही. उन्हाळ्यात भिजवलेलं भांडं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे आंबणारही नाही आणि अंकुरणारही नाही.

सकाळी भिजवलेलं पाणी टाकून द्या. ज्वारी कुकरमध्ये घाला, वर तीन वाट्या ताजं पाणी, एक छोटा चमचा मीठ आणि छोटा चमचाभर तेल. तेल यासाठी की ज्वारीच्या उकळीला फेस येतो आणि तो शिटीत अडकतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. मीठ आधीच घालायचं, कारण शिजलेल्या दाण्यावर नंतर कितीही मीठ भुरभुरवलं तरी ते बाहेरच राहतं. चावल्यावर दाणा आतून अळणी लागतो. धान्याच्या सॅलडची ‘चवच नाही’ अशी जी तक्रार असते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. खाण्याचा सोडा मात्र अजिबात नको. त्याने साल मऊ पडते हे खरं, पण दाणा बाहेरून गिळगिळीत होतो आणि ब-१ जीवनसत्त्वही जातं.

पहिली शिटी झाली की आच मंद करा आणि घड्याळ लावा: पंचवीस मिनिटं. शिट्या मोजून ज्वारीचा अंदाज येत नाही. प्रत्येकाचा कुकर वेगळा, आच वेगळी. वाफ आपोआप जिरू द्या. कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण अर्धं ठेवून, पन्नास मिनिटं ते तास लागतो. पाणी आटत आलं तर उकळतंच पाणी वाढवा.

झाली की नाही हे चावूनच कळतं. दाणा दाताखाली थोडा लवचीक असावा, पण आत टणक गोळी नसावी. काही दाणे फुटून फुललेले दिसले की वेळ बरोबर साधली. सगळेच फुटले असतील तर त्या दिवशी कण्या झाल्या असं समजा, वरून ताक-मीठ घाला आणि तोंडीलावणं उद्या करा.

आता चाळणीत ओता आणि खालचं पाणी जपून ठेवा. आमटीला दाटपणा आणायला किंवा ताकात मिसळून प्यायला ते छान लागतं. निथळलेली ज्वारी परातीत पसरून पाच मिनिटं वाफ उडू द्या. ही पाच मिनिटं गाळू नका. ओलसर दाण्यावर तेल-मसाला बसत नाही, तळाशी जमा होतो. आणि पाचाची वीसही करू नका, कारण दाणा थंड होतो तसं त्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट होत जातं आणि मग लिंबू-तेल काही आत घेत नाही. वाफ उडाली, पण हाताला चटका बसतोय, एवढ्यात फोडणी पडली पाहिजे.

इतर धान्यांना हीच पद्धत, वेळ तेवढा कमी-जास्त. सडलेली खपली रात्रभर भिजवून कुकरमध्ये मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं. बाजरीची कृती पुढे आहे. राळे आणि वरई भिजवायची गरज नाही, पण रोळून घ्यायला हवी, कारण बारीक खडे असतात. नंतर चमचाभर तेलावर तीन-चार मिनिटं परतायची. दाणे हलके आणि सुटे वाजू लागले की दुप्पट उकळतं पाणी आणि मीठ घालून, झाकून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. मग काट्याने मोकळी करा. चमचा फिरवलात की गोळा झालाच म्हणून समजा.

भाजीची बाजू

मऊ दाण्याबरोबर मऊ भाजी दिली की सगळं पथ्याचं वाटायला लागतं. म्हणून भाजीला एकतर कोरड्या आचेचा डाग पडलेला हवा, नाहीतर ती कच्ची करकरीत हवी. वाफवलेली भाजी इथे कामाची नाही.

वांगं, लाल भोपळा, फ्लॉवर, भेंडी, तोंडली, गाजर या भाज्या लोखंडी तव्यावर किंवा पसरट कढईत करायच्या. फोडी दोन सेंटिमीटरच्या, पुसून कोरड्या केलेल्या. तवा आधी तापू द्या, मग तेल, मग फोडी एकाच थरात. गर्दी झाली की फोडी आपल्याच वाफेत शिजतात आणि रंग येत नाही; दोन घाण्यांत करा, वेळ तेवढाच लागतो. टाकल्यावर तीन-चार मिनिटं हलवू नका. खालून तांबूस झाल्या की उलटा. मीठ दोन्ही बाजूंना रंग आल्यावर, कारण आधी घातलं तर फोडी पाणी सोडतात. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पंचवीस मिनिटं, अधूनमधून ट्रे हलवून.

पालेभाज्यांना उलट घाई हवी. मेथी, चवळी, कांद्याची पात मोठ्या आचेवर दोन मिनिटांत आटपायची. पालक आणि चाकवत इथे नकोत. त्यांना पाणी फार सुटतं, त्यांचं खरं घर पातळ भाजीत.

काकडी, मुळा, टोमॅटो कच्चे घालायचे असतील तर चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा आणि हलकेच पिळा. नाहीतर वाढेपर्यंत वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं आणि सगळी चव त्यात उतरते.

आंबटाची वेळ महत्त्वाची. लिंबू, चिंच, आमसूल काहीही असो, भाजी शिजल्यावरच घाला. आंबटात भाजी आणि कडधान्य लवकर मऊ होत नाही. हिरव्या भाजीचा तर रंगच उतरतो, मटार आणि घेवडा मळकट शेवाळी दिसू लागतात. शिवाय लोखंडी कढईत आंबट शिजवलं की पदार्थाला लोखंडाची चव लागते. लिंबू नेहमी पदार्थ वाडग्यात काढल्यावर पिळा.

ज्वारी आणि भाजलेलं वांगं

एकच पदार्थ करून पाहणार असाल तर हा करा. ज्वारी, वांगं, शेंगदाणे आणि करडईचं तेल हे सगळं एकाच मुलखातलं आहे. त्यांना एकत्र आणायला फार समजूत घालावी लागत नाही.

वाटीभर ज्वारी वरच्याप्रमाणे शिजवून घ्या. वांगी ४०० ग्रॅम, लहान काटेरी असली तर बरी. भरताचं मोठं वांगं फोडींना तितकंसं चांगलं नाही, लगद्यासारखं होतं. दोन मध्यम कांदे जाड उभे चिरलेले. लसणाच्या आठ पाकळ्या ठेचलेल्या. अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांची भरड, कूट नव्हे. दोन छोटे चमचे काळा मसाला, अर्धा चमचा हळद, तीन मोठे चमचे करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल, गूळ सुपारीएवढा, दीड लिंबू, मूठभर कोथिंबीर.

कुकर गॅसवर असताना वांग्याच्या फोडी करा आणि मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतील. तव्यावर टाकण्याआधी त्या कापडावर पसरून खडखडीत कोरड्या करा. दीड चमचा तेलात दोन घाण्यांत तांबूस भाजा. वांगं तेल पिऊन टाकतं आणि तवा कोरडा दिसू लागतो, तेव्हा वाढवण्याचा मोह होईल, आवरा. फोड शिजली की तिने प्यालेलं थोडं तेल पुन्हा सुटतं. फोडी काढून त्याच तव्यावर कांदा मोठ्या आचेवर कडेने करपट होईस्तोवर परता. तो पूर्ण मऊ व्हायला नको.

ज्वारी निथळायला घातली की फोडणी. उरलेलं तेल छोट्या कढल्यात तापवा, मोहरी तडतडू द्या, मग लसूण. लसूण सोनेरी झाला की गॅस बंद करा आणि त्यानंतरच हळद आणि काळा मसाला घाला. काळ्या मसाल्यातले जिन्नस आधीच तळून-भाजून झालेले असतात, पेटत्या आचेवर ते काही सेकंदांत कडू होतात. बंद गॅसवर तापल्या तेलात त्यांचा वास मात्र पूर्ण उतरतो. ही फोडणी परातीतल्या गरम ज्वारीवर ओता, गूळ चुरून घाला, हाताने किंवा लाकडी उलथन्याने वरखाली करा. मग वांगी आणि कांदा. पाच मिनिटं झाकून ठेवा. लिंबू, दाण्याची भरड आणि कोथिंबीर वाढायच्या वेळी.

चव घेऊन पाहा. पहिल्या घासाला किंचित जास्त आंबट-खारट लागलं तर योग्य आहे, कारण दहा मिनिटांत ज्वारी त्यातलं बरंच आत ओढून घेईल. सपक लागलं तर तिखट वाढवण्याआधी लिंबू वाढवून बघा. बहुतेक वेळा आंबटच कमी पडलेलं असतं.

हीच कृती हिवाळ्यात मेथी आणि सोलाण्यांची, म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची, करता येते. सोलाणे चमचाभर तेलावर झाकून पाच-सहा मिनिटं, मग मोठ्या आचेवर मेथी, काळ्या मसाल्याऐवजी ठेचलेली हिरवी मिरची. डिसेंबर-जानेवारीत हुरडा मिळत असेल तर ज्वारी भिजवायचीही गरज नाही. आगटीत भाजलेला हुरडा तसाच. न भाजलेला मिळाला तर कोरड्या तव्यावर चार-पाच मिनिटं. हुरड्याला स्वतःची गोडी असते, त्याला गूळ आणि काळा मसाला दोन्ही घालू नका. लसणाची चटणी, लिंबू आणि कांद्याची पात एवढंच. खरं तर त्या दिवसांत बाकी सगळी धान्यं डब्यात राहू द्यावीत असं माझं मत आहे.

खपली आणि लाल भोपळा

खपलीचा दाणा ज्वारीपेक्षा मोठा, गोडसर आणि चावायला भरीव असतो. त्याच्याशी चिंच-गुळाचं जमतं. वाटीभर खपली शिजवून निथळा. लाल भोपळा सालासकट ५०० ग्रॅम, फोडी करून तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. कोवळ्या भोपळ्याचं साल खाता येतं, जून असेल तर काढा. दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून अर्धे कुटा, अर्धे अख्खे ठेवा.

मोठा चमचाभर चिंचेचा घट्ट कोळ, तेवढाच गूळ, अर्धा छोटा चमचा लाल तिखट आणि मीठ हे वेगळ्या भांड्यात एक उकळी काढून घ्या. कच्च्या चिंचेचा उग्रपणा त्याने जातो. दोन मोठे चमचे तेलाची मोहरी, मेथीचे आठ-दहा दाणे, हिंग, कढीपत्ता अशी फोडणी करून गरम खपलीवर ओता, त्यावर चिंचेचं पाणी, मग भोपळा. भोपळा शेवटी आणि हलक्या हाताने, नाहीतर त्याची भाजी होते. वर तीळ आणि थोडं सुकं खोबरं. हे कोमट खायचं, गरम नाही. तासभर मुरलं तर अधिक चांगलं, म्हणून पाहुणे यायच्या दिवशी आधी करून ठेवायला सोयीचं.

बाजरी, गाजर आणि मुळा दह्यात

बाजरी सडणं आता फारसं कोणी करत नाही, पण काम दहा मिनिटांचं आहे. वाटीभर बाजरीवर दोन मोठे चमचे पाण्याचा शिपका द्या, चोळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग खलबत्त्यात हलकेच कुटा, किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात तीन-चारदा, क्षणभरच, फिरवा. दाणा फुटला तर फुटू द्या, पीठ व्हायला नको. ताटात पसरून थोडी सुकवा आणि सुपाने पाखडा. सूप नसेल तर भरपूर पाण्यात घालून वर तरंगणारा कोंडा ओतून टाका, दोन-तीनदा. आता तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरमध्ये मंद आचेवर बारा मिनिटं.

बाजरी ताजीच वापरा. तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो आणि सडल्यावर किंवा दळल्यावर ती लवकर कडवट होते. सडून साठवून ठेवायचा विचार म्हणूनच करू नका.

ही कोशिंबीर थंड खायची, त्यामुळे इथे धान्य निवू द्यायला हरकत नाही. पण मीठ आणि चमचाभर तेल गरम असतानाच लावा. किसलेलं गाजर दोन वाट्या, मीठ लावून पिळलेला मुळ्याचा कीस एक वाटी, मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून मूठभर. घट्ट गोड दही दीड वाटी. तुपाची फोडणी: जिरं, हिंग, दोन चिरलेल्या मिरच्या. दही वाढण्याच्या ऐन वेळी घाला. आधी घातलं तर बाजरी ते शोषून घट्ट गोळा होते, मग दुधाचा हबका मारत बसावं लागतं. वरून कारळ्याची किंवा जवसाची चटणी भुरभुरवा. इतर कुठल्याही मसाल्याची इथे गरज नाही.

राळ्यांचं तर कृती म्हणावी असंही काही नाही. सुटे शिजवलेले राळे, लसणाच्या फोडणीत परतलेला मटार, शेवटच्या मिनिटाला भरपूर कांद्याची पात, वर ओलं खोबरं आणि लिंबू. अर्ध्या तासात सगळं होतं. उपासाला वरई घेतलीत तर मटार-लसूण सोडून काकडी, दाण्याचा कूट, जिरं आणि हिरवी मिरची. तीही बरी लागते, फक्त साखर बेताने.

कुरकुरीतपणा आणि तेल

मऊ आणि चिवट यांच्या जोडीला काहीतरी दाताखाली फुटणारं हवं. भाजलेले दाणे आणि तीळ आहेतच. ज्वारीच्या लाह्या त्याहून मजेदार. चमचाभर तेलावर मीठ-हळद लावून परतलेल्या लाह्या वाढायच्या क्षणी वर घाला. सोलापुरी शेंगदाणा चटणीही वर चांगली बसते, पण तिच्यात मीठ असतं, त्या हिशोबाने आतलं मीठ कमी करा.

तेल घाण्याचं असेल तर त्यातला अर्धा चमचा शेवटी कच्चाच वरून सोडा. ज्वारीवर करडईचं, राळ्यांवर शेंगदाण्याचं, लाल तांदळाचं काही केलंत तर खोबरेल. फोडणीत तापलेल्या तेलाचा आणि या तेलाचा वास वेगळा असतो आणि धान्याला दोन्ही मानवतात.

कशाबरोबर वाढावं, उरलं तर काय

ज्वारीच्या भाकरीबरोबर ज्वारीचं तोंडीलावणं वाढू नका; तेच धान्य दोनदा खाल्ल्यासारखं होतं आणि जेवण जड पडतं. ज्वारी-वांग्यासोबत मुगाचं साधं वरण आणि भात, किंवा नुसती कढी. खपली-भोपळ्याबरोबर टोमॅटोचं सार. बाजरीची कोशिंबीर मटणाच्या किंवा मटकीच्या झणझणीत रश्श्याबरोबर ठेवून पाहा. दही आणि मुळा तिखट बरोबर आवरतात. डब्यात न्यायला ज्वारी आणि खपली योग्य, राळे नाहीत. ते दुपारपर्यंत कोरडे पडतात.

शिजवलेलं धान्य बाहेर तासन्‌तास राहू देऊ नका. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट ओलसर धान्यात ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही आधी, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तिथे साधी शिजवलेली ज्वारी किंवा खपली तीन दिवस राहते. दुप्पट शिजवून निम्मी भाजी-फोडणीशिवाय ठेवली तर आठवड्याचं काम हलकं होतं. फ्रीझरमध्ये वाटीवाटीच्या पिशव्या करून महिनाभरही चालते, दाण्याला फारसं काही होत नाही.

फ्रिजमधला दाणा टणक झालेला असतो. तो थेट फोडणीत टाकू नका. चाळणीत घालून वरून उकळतं पाणी ओता, निथळा, किंवा पाण्याचा हबका मारून झाकून दोन मिनिटं वाफ द्या, आणि मऊ झाला की लगेच, गरम असतानाच, तेल-लिंबू लावा. भाजी मात्र त्या दिवशीची ताजी करा.